तोफ कोठें ठेवावी?

गेल्या मे महिन्याच्या सुटींत माझा नातू आमच्याकडे राहावयास आला होता. वय वर्षें बारा. त्याच्याबरोबर त्याचा संगणकहि आला. दुपारचीं जेवणें झालीं कीं हे चिरंजीव त्या पडद्यासमोर बसून अवकाशांत फिरणारीं लढाऊ जहाजें बांधीत. चौकटीला चौकट जोडावी, कोठें यंत्र बसवावें, कोठें चिलखताचा पत्रा लावावा, कोठें दारूगोळ्याचें कोठार करावें आणि मोकळ्या राहिलेल्या जागीं तोफा मांडाव्या. मग तें जहाज शत्रूच्या जहाजावर सोडून द्यावें, असा तो खेळ आहे. एके दिवशीं त्यानें तब्बल चौदा तोफांचें एक अजस्र जहाज उभें केलें आणि मोठ्या अभिमानानें मला दाखविलें. दोन मिनिटांच्या आंत त्याच्या निम्म्याहून लहान अशा शत्रूच्या जहाजानें त्याचे तुकडे केले. नातू रडकुंडीस आला. "आजोबा, माझ्याकडे चौदा तोफा होत्या, त्याच्याकडे सहाच!" मीं विचारलें, "तुझ्या चौदांपैकीं त्याच्याकडे तोंड करून किती होत्या?" त्यानें खेळ मागें नेऊन मोजल्या. तीन भरल्या.

मी चौतीस वर्षें शाळेंत मुलांना इतिहास-भूगोल शिकविला. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुरतेंच, आणि जहाजबांधणीचें शास्त्र मला अवगत आहे असा माझा मुळींच दावा नाहीं. परंतु नातवाचें तें जहाज फुटतांना पाहून माझ्या मनांत आलें कीं, या मुलाला जो प्रश्न दोन मिनिटांत पडला, तोच जगांतील आरमारांना जवळजवळ पांचशें वर्षें पडलेला आहे. जहाजावर तोफा किती ठेवाव्या हा तो प्रश्न नव्हे. कोठें ठेवाव्या हा. आणि त्याचें उत्तर चुकलें म्हणजे तेथें डाव पुन्हा मांडतां येत नसे. त्या प्रश्नाचीच हकीकत आज आपणांस सांगावी असें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. किल्ल्याच्या बुरुजावर तोफ चढविली कीं काम संपतें. बुरूज हालत नाहीं, डोलत नाहीं, बुडत तर नाहींच. जहाजावरची तोफ जितकी शस्त्र आहे तितकीच ती एक ओझें आहे. आणि तिचें तोंड बाहेर काढावयाचें तर जहाजाच्या अंगाला भोंक पाडावें लागतें. शिवाय ती उडाली कीं मागें धक्का देते, तो धक्काहि जहाजानेंच सोसावयाचा. लहानपणीं आम्ही मामाच्या गांवीं जातांना मचव्यांतून खाडी ओलांडीत असूं. मध्यावर वारा लागला कीं उतारूंपैकीं कोणी तरी हटकून उभा राही, आणि तांडेल सुकाणूवरूनच ओरडे, "खालीं बसा, खालीं!" तो कां ओरडतो हें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं उमगलें. उभ्या राहिलेल्या माणसाचें वजन वाढत नाहीं. वजनाची जागा तेवढी वर जाते. मचवा कलंडावयास तेवढें पुरतें. एका माणसाची ही कथा. मग टन-दीड टनाची एक, अशा साठ तोफा चढविल्यावर काय होत असेल याची कल्पना करावी.

सोळाव्या शतकांत भूमध्य समुद्रावर वल्ह्यांनीं चालणाऱ्या लांब, अरुंद युद्धनौकांचें राज्य होतें. त्यांच्या दोन्ही बाजू वल्हेकऱ्यांनीं व्यापलेल्या; तोफेला तेथें जागा कोठून मिळणार? म्हणून मोठी तोफ बसविली ती नाळेवर, म्हणजे नौकेच्या अगदीं पुढल्या टोकाला, मधोमध, आणि तिच्या दोन्ही अंगांस लहान तोफा. या मांडणींत एक सोय होती. तोफेचा धक्का नौकेच्या लांबीच्या दिशेनें जाई, त्यामुळें ती कलंडत नसे. पण नेम धरावयाचा तर सबंध नौकाच वळवावी लागे. सुकाणू धरणारा हाच खरा गोलंदाज. बाजूनें कोणी चाल करून आला तर त्याला उत्तर नाहीं. म्हणून असल्या नौका एकमेकींच्या शेजारीं उभ्या राहून, सर्वांचीं तोंडें समोर, अशा आडव्या रांगेनें लढत. ७ ऑक्टोबर १५७१ रोजीं लेपांटोच्या लढाईंत व्हेनिसकरांनीं सहा थोराड, उंच नौका आपल्या रांगेच्या पुढें नेऊन उभ्या केल्या. त्यांच्या बाजूंनाहि तोफा होत्या. तुर्कांची रांग त्यांच्याजवळून पुढें सरकतां सरकतांच विसकटली. वल्ह्यांच्या आरमारांची ती शेवटची फार मोठी लढाई समजतात.

परंतु नाळेवरची तोफ तेवढ्यानें संपली नाहीं. आपल्या कोंकण किनाऱ्यावर ती पुढें पावणेदोनशें वर्षें जिवंत होती. आंग्र्यांच्या गुराबांचें बारकाईचें वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें १७६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत केलेलें आहे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांची. बुडाशीं उथळ, मध्यें रुंद, आणि पुढें निमुळती होत जाऊन तिची नाळ भूमध्य समुद्रांतील वल्ह्यांच्या नौकेसारखी लांब बाहेर आलेली. ही तुलना ऑर्मचीच आहे, माझी नव्हे. समोरच्या लाटेवर गुराब फार आपटे, म्हणून नाळेच्या पृष्ठभागाला कठडाच ठेवीत नसत. आलेलें पाणी आलें तसें निघून जाई. या नाळेच्या मागें, आडव्या भिंतींत पाडलेल्या खिडक्यांतून, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा सरळ पुढें तोंड करून बसविलेल्या असत. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी. म्हणजे सर्वांत जड शस्त्र नाकावर.

असें कां? तर लढण्याची तऱ्हाच तशी होती. इंग्रजी जहाजाचें सारें बळ त्याच्या दोन बाजूंत. पाठीमागें त्याच्या तोफा थोड्या आणि लांकूडहि पातळ. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतें एकत्र निघत. गलबतांना चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला कीं तीं गुराबांना दोर लावून ओढीत आणि शत्रूच्या पाठीमागें नेऊन सोडीत. तेथून गुराबांच्या नाळेवरच्या तोफा त्याच्या डोलकाठ्या मोडीत. जहाज लुळें पडलें म्हणजे गलबतांतील माणसें चहूंकडून त्यावर चढत. शाळेच्या पुस्तकांत आंग्र्यांच्या आरमाराला मोजक्या ओळी मिळतात, आणि त्याहि ते चांचे होते कीं सरखेल होते या वादांत खर्ची पडतात. त्यांच्या तोफांचीं तोंडें कोणीकडे होतीं हें मींहि मुलांना कधीं सांगितलें नाहीं, याचें आतां वाईट वाटतें. कारण कान्होजींचा सबंध युद्धविचार त्या दोन तोफांच्या जागेंत सांपडतो.

त्या विचाराला एकच अट होती: हालचाल. १७५५ सालीं सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह हे जड जहाजें घेऊन विजयदुर्गाच्या खाडींत शिरले, तेव्हां तुळाजी आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र बांधून ठेवलेलें होतें. बांधलेल्या गुराबेनें नाळ कोठें वळवावी? एका जहाजाला आग लागली आणि तिच्यांत सारें आरमार जळून गेलें. पेशव्यांची फौज त्या वेळीं इंग्रजांच्या बाजूस होती, हें वर्गांत सांगतांना माझी जीभ नेहमींच अडखळे.

आतां युरोपच्या उत्तरेकडील समुद्रांत काय चाललें होतें तें पाहूं, आणि त्याकरितां थोडें मागें जाऊं. तेथील जहाजें शिडांचीं, उंच तटांचीं. वल्हीं नसल्यामुळें बाजू मोकळ्या. सन १५०० च्या सुमारास कोणा सुताराला जहाजाच्या कुशींत झांकण असलेल्या खिडक्या पाडण्याची युक्ति सुचली, आणि जड तोफा वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आल्या. वजन खालीं आलें हें उत्तम झालें. पण भोंकेंहि खालीं आलीं, पाण्याच्या जवळ.

१९ जुलै १५४५ रोजीं पोर्टस्मथच्या समोर आठव्या हेन्रीचें आवडतें जहाज 'मेरी रोझ' फ्रेंचांशीं लढत असतां वळलें, कललें, आणि उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून पाहतां पाहतां बुडालें. राजा किनाऱ्यावरील किल्ल्यांतून पाहत होता. जहाजावरील सुमारें चारशें-पांचशें माणसांतून चाळीससुद्धां वांचलीं नाहींत. तें जहाज तेव्हां नवें नव्हतें. चौतीस वर्षें तें समुद्रावर होतें. मधल्या काळांत त्याची डागडुजी करून तोफा मात्र वाढविल्या होत्या. बुडण्याचें नेमकें कारण काय याबद्दल पंडितांत वाद आहे. उघड्या खिडक्यांबद्दल नाहीं.

स्वीडनच्या 'वासा' जहाजाची कथा याहून करुण, कारण तेथें शत्रु नव्हताच. राजा गुस्ताव अडॉल्फ यानें हें जहाज बांधविलें. तोफा ६४, त्यांतील ४८ चोवीस पौंडी, आणि त्या एकावर एक अशा दोन मजल्यांवर. वरच्या मजल्यावर हलक्या तोफा ठेवाव्या हा शहाणपणा येथें पाळला गेला नाहीं. निघण्यापूर्वीं धक्क्याशींच एक परीक्षा घेतली. तीस खलाशांना या बाजूकडून त्या बाजूकडे धांवावयास सांगितलें. तीन खेपा झाल्या आणि जहाज इतकें झुलूं लागलें कीं आरमारप्रमुख फ्लेमिंग यानें ती परीक्षाच थांबविली. जहाज थांबविलें नाहीं. राजा प्रशियाच्या स्वारींत गुंतलेला आणि जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा. जहाजाचा मूळ बांधणारा हेन्रिक हायबर्टसन आदल्या वर्षींच वारलेला. नाहीं म्हणावें कोणीं?

१० ऑगस्ट १६२८ रोजीं स्टॉकहोमच्या बंदरांतून 'वासा' निघालें. सलामीसाठीं तोफांच्या खिडक्या उघड्याच होत्या. सुमारें १३०० मीटर गेलें, वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललें, खालच्या ओळींतील खिडक्यांतून पाणी आंत आलें, आणि निरोप द्यावयास जमलेल्या नगरवासीयांच्या डोळ्यांदेखत तें तळाशीं गेलें. सुमारें तीस माणसें मेलीं. चौकशी बसली. बांधणाऱ्यांनीं सांगितलें कीं मापें राजानें मंजूर केलेलीं होतीं. मग चौकशी संपली. कोणालाहि शिक्षा झाली नाहीं. १९६१ सालीं तें जहाज जवळजवळ अखंड वर काढलें, आणि स्टॉकहोमच्या संग्रहालयांत तें उभें आहे.

अशा ठोकरा खात बाजूच्या तोफांची पद्धत स्थिर झाली, आणि दोन-अडीच शतकें तिनें समुद्रावर राज्य केलें. तोफा बाजूंना, म्हणून जहाजें एकामागें एक अशा उभ्या ओळींत लढूं लागलीं. वल्ह्यांच्या नौकांच्या आडव्या रांगेच्या अगदीं उलट. तोफेनें जागा बदलली कीं लढाईची आकृतीच बदलते ती अशी. नेल्सनचें 'व्हिक्टरी' १०४ तोफांचें. सर्वांत जड, बत्तीस पौंडी तोफा सर्वांत खालच्या मजल्यावर, त्यावर चोवीस पौंडी, त्यावर बारा पौंडी. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रॅफल्गारला तो शत्रूच्या ओळीवर काटकोनांत चालून गेला. तेवढा वेळ शत्रूच्या बाजूच्या तोफा त्याला झोडपीत होत्या आणि त्याच्या स्वतःच्या शंभर तोफा मुक्या होत्या. मग ओळ फोडून तो फ्रेंच सेनापतीच्या जहाजाच्या पाठीमागून गेला आणि जातां जातां एका बाजूच्या तोफा त्याच्या पिछाडींत रित्या केल्या. आपल्या गुराबांनीं ओळखलेलें मर्म तेंच होतें. या पद्धतीचें एक जहाज आजहि पाण्यावर पाहावयास मिळतें, आणि तें मुंबईचें आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागवानांत बांधलेलें, १८१७ सालीं पाण्यांत उतरविलेलें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें जपून ठेवलें आहे.

पुढें वाफ आली, लोखंडी चिलखत आलें, आणि तोफ इतकी प्रचंड झाली कीं बाजूला वीस-तीस बसविणें अशक्य झालें. चार तोफाच ठेवावयाच्या तर त्या दोन्ही बाजूंना कामास आल्या पाहिजेत. यांतून फिरता बुरूज निघाला. मूळचा स्वीडनचा, अमेरिकेंत स्थायिक झालेला जॉन एरिक्सन यानें बांधलेलें 'मॉनिटर' ९ मार्च १८६२ रोजीं हॅम्प्टन रोड्स येथें 'व्हर्जिनिया' या चिलखती जहाजाशीं लढलें. पाण्यावर जेमतेम दीड फूट राहणारी सपाट फळी आणि तिच्यावर एक गोल डबा. डब्यांत अकरा इंची दोन तोफा. जहाज कोठेंहि वळो, तोफ आपली वेगळी वळते. कल्पना किती सुंदर! पण हांकण्याची खोली नेमकी पुढें बांधलेली, त्यामुळें सरळ समोर तोफ उडवितां येईना. आणि बुरूज दोन-चार फेरे फिरल्यावर आंतल्या माणसांना पुढची बाजू कोणती हेंच कळेना. दिशा समजावी म्हणून खालीं केलेल्या खुणा धांदलींत पुसून गेल्या होत्या. लढाई बरोबरींत सुटली. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या जहाजामागून ओढून नेलें जात असतां तें वादळांत बुडालें व १६ माणसें गेलीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हें भाषण लिहावयास घेतलें ती सांगतों.

इंग्लंडांत कूपर कोल्स नांवाचा एक आरमारी अधिकारी होता. क्रिमियाच्या युद्धांत, १८५५ सालीं, त्यानें पिंपांच्या तराफ्यावर तोफ चढवून उथळ पाण्यांतून रशियनांवर मारा केला होता, आणि तेव्हांपासून फिरत्या बुरुजाचा त्याला ध्यास लागला. माणूस बुद्धिमान, चिकाटीचा आणि वर्तमानपत्रांचा लाडका. त्याला समुद्र ओलांडणारें, शिडांचें, बुरुजांचें जहाज हवें होतें. येथेंच गांठ होती. चिलखती बुरूज अतोनात जड. तो खालीं ठेवला पाहिजे, म्हणजे जहाजाचा तट बुटका हवा. शिडांचें जहाज वाऱ्यानें कलतें. त्याला तट उंच हवा. शिवाय डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनीं दोर ताणावे लागतात, ते बुरुजाच्या माऱ्याआड येतात. कोल्सनें तिपाई डोलकाठ्या करून ते दोर टाळले, आणि शिडें हाताळावयास बुरुजांच्या डोक्यावरून एक हलका माळा बांधला. आरमाराचा मुख्य रचनाकार एडवर्ड रीड हा सारखा सांगत होता कीं हें धोक्याचें आहे. पण लोकमत कोल्सच्या बाजूचें, पार्लमेंटांत बोलणारे त्याच्या बाजूचे, आणि रीड म्हणजे नव्या कल्पनेला आडवा येणारा सरकारी नोकर! शेवटीं कोल्सला आपल्या मनाप्रमाणें जहाज बांधण्याची मुभा मिळाली. बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यांत तें बांधलें गेलें. नांव 'कॅप्टन'.

जहाज ठरल्यापेक्षां सातशें टनांहून अधिक जड झालें. पाण्यावर तटाची उंची ८ फूट राहावयाची ती साडेसहा फुटांच्या आसपास राहिली. रीडनें स्वतः आंखलेलें 'मोनार्क' हेंहि शिडांचें आणि बुरुजांचेंच जहाज होतें, पण त्याचा तट १४ फूट. १८७० च्या जुलै अखेरीस 'कॅप्टन' बंदरांत कलतें करून पाहण्यांत आलें. त्या मापांवरून जें गणित निघालें तें असें: 'मोनार्क' सुमारें ४० अंशांपर्यंत कलेल तों त्याची सांवरून उभें राहण्याची ताकद वाढत जाते; 'कॅप्टन'ची २१ अंशांपर्यंतच वाढते, मग उतरूं लागते. हें गणित पुरें होईपर्यंत जहाज समुद्रावर गेलेलें होतें.

६ सप्टेंबर १८७० रोजीं स्पेनच्या वायव्य टोकाजवळ, फिनिस्टर भूशिराच्या बाहेर, आरमार चाललें होतें. सेनापति मिल्न दुपारीं पाहणीसाठीं 'कॅप्टन'वर आला. वाऱ्याखालच्या बाजूस पाणी तटावरून आंत येत असलेलें पाहून त्याला तें आवडलें नाहीं, आणि रात्रीं न राहतां तो आपल्या जहाजावर परतला. रात्रीं वारा वाढला. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळांत 'कॅप्टन' आडवें झालें आणि उलटें होऊन बुडालें. सुमारें ४८० माणसें बुडालीं, १८ वांचलीं. त्यांतला एक गोलंदाज आपल्या तोफा नीट आवळलेल्या आहेत कीं नाहींत हें पाहावयास त्या वेळीं बुरुजांत शिरला होता. जहाज कलंडलें तेव्हां नेम धरण्याच्या भोंकांतून तो बाहेर निघाला. कोल्स स्वतः जहाजावर होता; तो गेला. आरमारखात्याचा मंत्री चिल्डर्स यानें आपल्या मुलाची बदली थोड्याच दिवसांपूर्वीं 'मोनार्क'वरून 'कॅप्टन'वर करविली होती, तोहि गेला. 'मोनार्क' त्याच आरमारांत, त्याच वादळांत होतें. सकाळीं तें जागच्या जागीं होतें.

लष्करी न्यायालयानें निकाल दिला कीं, हें जहाज खात्याच्या तज्ज्ञांच्या मताविरुद्ध, पार्लमेंटांत व इतरत्र प्रकट झालेल्या लोकमताला मान देऊन बांधलें गेलें. ते शब्द लंडनच्या सेंट पॉलच्या मंदिरांत पितळेच्या पत्र्यावर कोरून ठेवलेले आहेत. मला कोल्सचा राग येत नाहीं. फिरत्या बुरुजासंबंधीं तो सर्वस्वीं बरोबर होता. सारीं आरमारें पुढें त्याच्याच वाटेनें गेलीं. पुढल्याच वर्षीं पाण्यांत उतरलेलें 'डेव्हॅस्टेशन' रीडच्या आंखणीचें. त्यानें शिडेंच काढून टाकलीं, बुरूज एक पुढें व एक मागें ठेवला, आणि दोघांना मोकळी दृष्टि मिळाली. कोल्सला शस्त्र दिसत होतें, रीडला ओझें दिसत होतें. एकमेकांच्या डोळ्यांनीं पाहावयास त्यांना कोणी एका टेबलाशीं बसविलें नाहीं, याचें मात्र दुःख होतें.

पुढचा भाग लवकर सांगतां येईल. फेब्रुवारी १९०६ मध्यें इंग्रजांचें 'ड्रेडनॉट' पाण्यांत उतरलें. बारा इंची दहा तोफा, पांच बुरूज. परंतु दोन बुरूज दोन कुशींना असल्यामुळें एका बाजूला एका वेळीं आठच तोफा उडत. त्याच सुमारास आंखलेल्या अमेरिकेच्या 'साउथ कॅरोलिना'वर चारच बुरूज, आठच तोफा. मात्र चारहि बुरूज मधल्या रेषेवर, आणि एकाच्या पाठीशीं दुसरा उंच चढवून त्याच्या डोक्यावरून मारा करील असा. म्हणून तेथेंहि आठच्या आठ तोफा कोणत्याहि बाजूला उडत. एक बुरूज कमी, मारा तितकाच. हें गणित नातवाला अतिशय आवडलें. 'ड्रेडनॉट'वर टेहळणीची डोलकाठी पुढल्या धुराड्याच्या मागें उभी केली होती, म्हणजे टेहळ्याच्या डोळ्यांत सारा धूर, हें ऐकून तर तो मोठ्यानें हंसला.

त्याच्या कोठारांकडे पाहून मीं त्याला जटलंडची लढाई सांगितली. ३१ मे १९१६ रोजीं इंग्रजांचीं तीन मोठीं जहाजें एकामागून एक स्फोट होऊन नाहींशीं झालीं. तीन हजारांहून अधिक माणसें गेलीं. तोफेपासून कोठारापर्यंत दारू नेण्याची जी वाट, तिच्यांतून आग खालीं उतरली. जलद मारा व्हावा म्हणून वाटेंतलीं दारें उघडीं आणि दारूच्या पिशव्या बाहेर रचून ठेवलेल्या होत्या, असें आज पुष्कळ अभ्यासक मानतात. 'लायन' जहाजावरील मेजर हार्वे यानें प्राणांतिक जखमी अवस्थेंत कोठारांत पाणी सोडावयाचा हुकूम दिला, म्हणून तें वांचलें. तोफेची जागा म्हणजे नुसती तिच्या तोंडाची जागा नव्हे. ती जेवते कोठून, हेंहि त्यांत येतें.

येथवर आल्यावर नातवानें मला अडविलें. "पण आजोबा, माझें जहाज अवकाशांत आहे. तेथें वर-खालीं असें कांहीं नसतें. तें कलंडणार कसें आणि बुडणार कोठें?" मास्तरला निरुत्तर केल्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर कसा दिसतो हें मीं चौतीस वर्षें पाहिलेलें आहे. त्याचें म्हणणें खरेंच होतें. आतां तर समुद्रावरच्या जहाजांनाहि हा प्रश्न पूर्वींसारखा छळीत नाहीं. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या, २०१४ सालीं आरमारांत दाखल झालेल्या 'कोलकाता' या युद्धनौकेवरील ब्रह्मोस क्षेपणास्त्रें उभ्या नळ्यांतून सरळ आकाशांत जातात आणि मग हव्या त्या दिशेस वळतात. त्यांना बाजूहि नाहीं आणि नाळहि नाहीं.

तरी मीं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. संगणकावरचा अवकाशयुद्धाचा पहिला प्रसिद्ध खेळ, 'स्पेसवॉर', १९६२ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनीं तयार केला. एका ताऱ्याभोंवतीं फिरणारीं दोन जहाजें, आणि दोघांचें अस्त्र सुटे तें नाकांतून. नेम धरावयाचा तर सबंध जहाज वळवा. दुसरी गोष्ट खेळांतली नाहीं. १९७४ सालीं सोव्हिएत रशियानें 'सल्यूत-३' हें अवकाशस्थानक पृथ्वीभोंवतीं फिरत ठेवलें, आणि त्यावर खरोखरीची एक तोफ होती. ती स्थानकाच्या अंगाला पक्की जखडलेली. नेम धरण्यासाठीं अख्खें स्थानक वळवावें लागे. शिवाय तेथें खालीं पाणी नाहीं कीं जमीन नाहीं. तोफेचा धक्का स्थानकालाच मागें ढकलणार. जानेवारी १९७५ मध्यें, आंत एकहि माणूस नसतांना, पृथ्वीवरून हुकूम देऊन ती उडवून पाहिली. लेपांटोच्या सुकाणूवाल्याला तें यंत्र दाखविलें असतें तर त्याला त्यांत फारसें नवल वाटलें नसतें.

नातू कांहीं वेळ गप्प बसला. मग त्यानें आपल्या चौदा तोफांपैकीं सहा काढून टाकल्या आणि उरलेल्या आठ नाळेवर पंख्यासारख्या मांडल्या. यंत्रें मागें, कोठार मध्यें. पहिला शत्रु अर्ध्या मिनिटांत फुटला, दुसराहि. तिसरा लहानसा, चपळ होता. तो वळसा घालून पाठीमागें आला आणि तेथून त्यानें यंत्रें जाळलीं. "गलबतांची युक्ति तुम्हींच मोठ्यानें सांगितलीत, त्यानें ती ऐकली!" असा ठपका माझ्यावर आला. मग पिछाडीला दोन तोफा लावावयाच्या ठरल्या. त्यांच्यापर्यंत दारूगोळा पोंचावा म्हणून यंत्रांच्या खोलींतून वाट काढावी लागली. वाटेसाठीं चिलखताचे चार पत्रे काढावे लागले. ते काढल्यावर कोठाराची एक बाजू उघडी पडली. ती झांकावी कशी, याचा आम्ही दोघे विचार करीत होतों, तोंच दिवेलागण झाली आणि त्याच्या आजीनें आंतून हांक मारली.